मुरूम सहा घरांचा, पाणी कुणाचं?

या खेपेला रस्त्याची पत्रं इतकी आली, की विहिरीच्या कठड्याचा आणि गळक्या स्लॅबचा प्रश्न विचारणाऱ्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. सगळे रस्ते खासगी, कच्चे, आणि सगळ्या पत्रांत शेजारी. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून मी नोकरी केली, ती सरकारी रस्त्यांवर. खासगी रस्त्याचं शिक्षण मात्र आमच्या वस्तीवर झालं. सात घरं, ४३० मीटर, आणि वर्गणीची एक लाल वही.

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यात मळ्यात राहतो. गावच्या डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत ६६० मीटर मुरमाचा रस्ता आहे, दहा फूट रुंद. तो आम्हा सहा घरांच्याच रानातून जातो. पहिलं घर तोंडाशी, साठ मीटरवर. पुढे साधारण दर १२० मीटरला एकेक घर. आमचं शेवटचं. गेल्या मे महिन्यात सारखी वर्गणी काढून २० ब्रास मुरूम टाकला, जुलैत तिथे घोटाभर चिखल. यंदा चर, दोन मोऱ्या, मुरूम आणि रोलर धरून ६६ हजारांचा अंदाज निघालाय आणि भांडण लागलंय. पहिल्या घरचे आबा म्हणतात, ‘मी साठ मीटर चालतो, बाकीच्याचे पैसे मी का देऊ?’ तिसऱ्या घराची पोल्ट्री आहे, चौथ्याचा पाच एकर ऊस. पाचवे पुण्यात असतात, दिवाळीला आणि यात्रेला येतात, म्हणून ते वर्गणीच देत नाहीत. आम्ही नवराबायको शिक्षक, आमची एक स्कूटर. वाटणी कशी करावी?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, वाटणीचं बोलूच. आधी तुमचे २० ब्रास कुठे गेले ते बघू.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तुमच्याकडे आले दोन हजार घनफूट. ६६० मीटर म्हणजे २,१६५ फूट, रुंदी दहा फूट, क्षेत्रफळ झालं २१,६५० चौरस फूट. भागाकार करा. थर येतो इंचाच्या किंचित वर, तोही मोकळा. दाबल्यावर इंचभरही उरत नाही. तुम्ही रस्ता केला नाही, रस्त्याला पावडर लावली. तोच मुरूम सगळ्यांत वाईट दीडशे मीटरवर टाकला असता, तर पाणी मारून, रोलरने दाबून चांगला चार इंचांचा थर बसला असता आणि तेवढा तुकडा तरी टिकला असता. पण तसं करायला गेलं की ‘माझ्या दारापुढे का नाही टाकला’ हे सुरू होतं. सगळ्यांच्या दारात थोडाथोडा टाकला की कुणी रुसत नाही. मृगाचे चार मोठे पाऊस पडले की त्याचा चिखल होतो.

दुसरं, पाणी. तुमच्या पत्रात ६६० मीटरचा हिशोब आहे, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा एक शब्द नाही. मळ्यातले जुने रस्ते वर्षानुवर्षं चाकांनी घासून खाली बसलेले असतात, दोन्ही बाजूंना बांध उंच. पावसाळ्यात त्याचा ओढा होतो. ओढ्यात कितीही मुरूम टाका, तो खालच्या शेताला मिळणार. पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घ्या, एका हातात चुन्याची फक्की घ्या आणि सहाही घरची एकेक व्यक्ती बरोबर घेऊन तोंडापासून शेवटपर्यंत चाला. जिथे शेतातलं पाणी रस्त्यावर उतरतं तिथल्या बांधावर एक खूण. जिथे साचतं तिथे दुसरी. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण ऊन पडल्यावर कुणालाच काही आठवत नाही. आमच्या वस्तीवर हे केलं तेव्हा कळलं, की निम्मं पाणी एकाच शेताच्या बांधाला पडलेल्या खिंडारातून येत होतं. ते शेत माझं होतं. घरी आल्यावर आमच्या हिने चहा दिला, पण शब्द काढला नाही.

तेव्हा वाटणीतला पहिला नियम पैशाचा नाही. ज्याच्या रानाचं पाणी रस्त्यावर येतं, त्याने ते बांधाच्या आतून चर काढून मोरीपर्यंत न्यायचं, स्वतःच्या खर्चाने. एवढं झालं की ६६ हजारांचा आकडाही खाली येईल.

मोरीला फुटाच्या आतला पाइप घेऊ नका. त्यात पालापाचोळा अडकला की काठी घालूनही निघत नाही. पाइपावर निदान फूटभर भराव हवा, नाहीतर उसाची पहिलीच ट्रॉली तो फोडते. रस्ता मधे उंच ठेवा. दहा फुटी रस्त्याला मध्यभाग कडेपेक्षा चार बोटं वर असला की पुरे. डोळ्याला तो उंचवटा जाणवतही नाही, पण पाण्याला जाणवतो. नवीन मुरूम टाकण्याआधी जुना थर ट्रॅक्टरच्या फणाने ओरबाडून घ्या. गुळगुळीत जुन्यावर नवा थर धरत नाही, भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. खड्डा बुजवायचा असेल तर आधी त्यातलं पाणी काढा, कडा उभ्या कापा, मग थराथराने भरून धुमसाने ठोका. पाण्याच्या खड्ड्यात टोपलीभर मुरूम ओतला की फक्त खड्ड्याचा रंग बदलतो.

मुरूम घेताना ट्रकवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. मूठभर ओला करून लाडू वळा आणि उन्हात वाळवा. बोटाने दाबताच भुगा झाला तर त्यात धरून ठेवणारी माती कमी. मडक्यासारखा कडक झाला आणि वळताना हात तेलकट, गुळगुळीत लागले असतील तर माती जास्त. पावसात त्याच्यावर तुमची स्कूटर आडवी होणार. लाडू टिकायला हवा आणि तळव्याला बारीक खडी टोचायला हवी. आणि मुरूम स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची, पावती असलेलाच घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उचललेल्या मुरमासारख्या गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ओढ्याकाठचा फुकटचा मुरूम त्या भावात परवडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आबांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यांचा हिशोब पुरता करून दाखवतो. ६६० मीटरला ६६ हजार, म्हणजे मीटरला शंभर रुपये. पहिले साठ मीटर सहाही घरं वापरतात, त्याचे सहा हजार सहा जणांत. पुढचे १२० मीटर पाच घरं वापरतात, त्याचे बारा हजार पाच जणांत. असं उतरत गेलं तर आबांना येतात १,०००, दुसऱ्या घराला ३,४००, तिसऱ्याला ६,४००, चौथ्याला १०,४००, पाचव्याला १६,४००. आणि तुम्हाला, ताई, २८,४००. गणित चोख आहे. पण दोघा शिक्षकांच्या एका स्कूटरवर २८ हजार चारशे टाकले तर तुम्ही पुढच्या वर्षी एक रुपया देणार नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर मीही दिला नसता. उलट सारखी वाटणी केली तर प्रत्येकी ११,०००, आणि साठ मीटरसाठी आबा अकरा हजार देणार नाहीत.

आमच्या लाल वहीत अर्धं-अर्धं आहे. निम्मे पैसे सगळ्यांत सारखे, निम्मे अंतराच्या पायरीने. तुमच्या आकड्यांत बसवलं तर आबा ६,०००, दुसरं घर ७,२००, तिसरं ८,७००, चौथं १०,७००, पाचवं १३,७०० आणि तुम्ही १९,७००. सारखा हिस्सा आबांनी का द्यावा, तर त्यांच्या दारापुढचे साठ मीटर सहा घरांच्या गाड्यांनी झिजतात आणि तिथला खड्डा बुजवायला सहा घरं येणार आहेत म्हणून. हे त्यांना मीटिंगमध्ये सांगू नका. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून सांगा.

मागे स्वीडनला राहणाऱ्या एका वाचकाने तिथल्या खडीच्या खासगी रस्त्यांबद्दल लिहिलं होतं. तिथे १९७३ पासून सामायिक सोयींचा कायदा आहे. रस्त्यावरच्या घरांची रीतसर संघटना होते आणि प्रत्येकाचा हिस्सा टन आणि किलोमीटर यांचा गुणाकार करून ठरतो. किती वजन, किती लांब. म्हणजे आपल्या पायरीत त्यांनी वजनही धरलंय. ते बरोबरच आहे, आणि इथे तुमचे पोल्ट्रीवाले आणि ऊसवाले येतात.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवून मोजमाप घेतलं होतं. त्यातून निघालं, की आसावरचं, म्हणजे ॲक्सलवरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. मारुतीच्या आसावर अर्धा टन आणि भरल्या ट्रॉलीच्या आसावर पाच टन धरले, तर ट्रॉलीच्या एका आसाची झीज मारुतीच्या दहा हजार आसांएवढी. हे मोजमाप डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांवरचं. मुरमाला ते काटेकोर लागू करू नका. पण स्कूटर आणि ट्रॉलीला एकच वर्गणी लावणं कसं आहे, ते यातून कळतं.

पाच एकर ऊस, एकरी ४० टन धरला तर २०० टन. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला वीस टन धरले तर दहा खेपा. ही गाडी जाते हंगामात, दिवाळीनंतर, रस्ता वाळून टणक झाल्यावर. ऊसवाल्याकडून खेपेमागे ठरावीक रक्कम वहीत घ्या आणि विषय संपवा. गाडी अडवून ऊस वाळवू नका. पोल्ट्रीचं मात्र मला जास्त भय वाटतं. खाद्याची गाडी उसापेक्षा हलकी, पण ती भर जुलैत येते. ओल्या मुरमात एक खेप चाकोरी पाडते, पुढचं पाणी त्या चाकोरीतून वाहतं आणि आठवड्यात रस्ता गेला. त्यांना पैशाऐवजी नियम घाला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मोठी गाडी डांबरी रस्त्यालाच उभी राहील, खाद्य छोट्या हत्तीतून आत येईल. ते हमालीबद्दल कुरकुरतील. त्या हमालीपोटी त्यांच्या वर्गणीत थोडी सूट द्या. स्वीडनमध्येही वसंतात बर्फ वितळून रस्ता मऊ पडला की जड वाहनं बंद करतात, असं त्याच वाचकाने लिहिलं होतं. रस्त्याला ओल सगळीकडे सारखीच.

राहिले पुण्याचे. ते अंतराचा हिस्सा माफ मागत असतील तर द्या. वर्षात दोन फेऱ्यांनी रस्ता झिजत नाही. त्यांचा तो भाग बाकीच्या पाच जणांत वाटला तर कुणी मरत नाही. पण सारखा हिस्सा, साडेपाच हजार, त्यांनी द्यायलाच हवा. रस्ता ते वापरत नसतील, त्यांची जमीन वापरते. उद्या त्यांनी ते रान विकायला काढलं, तर ‘बांधापर्यंत चारचाकी जाते’ हेच पहिलं वाक्य असणार, आणि त्या वाक्याची किंमत तुम्ही पाच जण भरत आलात.

ज्याच्याकडे रोकड नाही त्याने अंगमेहनत द्यावी. आमच्याकडे रोहिणी नक्षत्रात, मृग लागायच्या आधीच्या रविवारी, घरटी एक माणूस चर साफ करायला येतो. जो येत नाही त्याच्या नावापुढे वहीत एक दिवसाची मजुरी. २०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडे दिवसरात्र पाऊस होता. चर साफ असलेला तुकडा जागेवर राहिला. ज्या साठ-सत्तर मीटरला दोन भावांच्या वादामुळे चरच काढला नव्हता, तिथला मुरूम तर गेलाच, खालची माती पण गेली. त्या दोघांनी पुढच्या मे महिन्यात एकाच जेसीबीने चर काढून घेतला, एकमेकांशी न बोलता.

शेवटचं, कागद. आधी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या. पुष्कळदा ‘आमचाच रस्ता’ म्हणतात त्याचा सुरुवातीचा तुकडा जुनी पाणंद किंवा गाडीमार्ग निघतो. तसं असेल तर त्या भागासाठी सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत मागणी करता येईल का, ते ग्रामपंचायतीत विचारा.  उरलेला भाग खासगी असेल तर सरकारी पैसा त्यावर लागत नाही, आणि जमीन ग्रामपंचायतीला लिहून दिलीत तर मग तो गावाचा रस्ता. नंतर त्यावर फाटक लावता येणार नाही. हा निर्णय सहा जणांनी मिळून घ्या, सरपंचांच्या ओसरीवर घाईने नको. वर्गणीचा करार साध्या मुद्रांक कागदावर चालेल. पण एकमेकांच्या जमिनीतून जाण्याचा हक्क कायम करायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्तच हवा. आबा आहेत तोवर तोंडी चालतं. आबांची मुलं मुंबईला आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रश्न : आमचं घर दापोली तालुक्यात. चार शेजाऱ्यांचा मिळून जांभ्याच्या मातीचा दीडशे मीटरचा रस्ता, त्यातला चाळीस मीटर चढ अवघड आहे. दर वर्षी तोच धुऊन जातो. दोघांना सगळं काँक्रीट हवंय, दोघांना परवडत नाही. मधला मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि त्याचं नावही आपल्याच भाषेत आहे : चाकोरी. फक्त त्या चाळीस मीटरच्या चढावर, चाकं जातात तिथे दोन पट्टे काँक्रीटचे करा, प्रत्येकी दोन-अडीच फुटांचे. मधल्या पट्ट्यात जांभ्याचे चिरे बसवा, माती उघडी ठेवू नका. चढाच्या डोक्याला आणि मध्यावर एकेक आडवा चर तिरका काढा, म्हणजे वरचं पाणी पट्ट्यांवरून धावत खाली येण्याआधीच कडेला पडेल. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या पाण्याला चाळीस मीटर सलग उतार दिलात तर काँक्रीटच्या कडेखालची मातीही ते खाऊन टाकील. उरलेले ११० मीटर सपाट असतील तर त्यांना कडेचा चर आणि दोन वर्षांनी थोडी माती एवढंच पुरतं. खर्चाला घाबरणारे दोघे या आकड्याला तयार होतील, असं वाटतं. न झाले तर पट्टे एका वर्षी एक असे करू नका. एक चाक वर, एक खाली अशी गाडी चालत नाही.

प्रश्न : वीस-बावीस वर्षं आम्ही शेजाऱ्याच्या बांधाकडेच्या रस्त्याने जातो. दुरुस्तीची वर्गणी मागितली म्हणून त्याने चिडून रस्त्यावर दगड टाकले आणि जेसीबीने आडवा चर मारला. काय करावं?

उत्तर : वर्गणी मागताना काय शब्द वापरले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते राहू द्या. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लोक समजुती काढण्यात घालवतात. समजूत जरूर काढा, पण अर्ज करून ठेवा आणि मग काढा. नवीन रस्ता बांधावरून मागायचा असेल तर तो महसूल संहितेच्या कलम १४३ चा विषय, वेगळा अर्ज. वीस वर्षांच्या उघड, अखंड वापरातून १८८२ च्या भोगाधिकार कायद्याने हक्क मिळू शकतो, पण तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. त्यासाठी साक्षीदार लागतील आणि वकील लागेल, माझ्यासारखा रस्त्याचा माणूस नाही.

तोवर दगड स्वतः उचलू नका आणि चर बुजवू नका. आधी तारखेसह फोटो, मग तलाठ्याला किंवा मंडळ अधिकाऱ्याला बोलावून स्थळ पाहणीचा पंचनामा. चर जूनच्या आत बुजला नाही तर पाणी त्यातून शेजाऱ्याच्याच उसात शिरेल, हे त्याला कुणीतरी तिऱ्हाईताने सांगितलं तर बरं.